म्हशीची टाकी आणि एक पळी

सुलू,

आधी भांडून घेते, बाकीचं नंतर.

तू माझ्याहून सात वर्षांनी लहान. या घरात तू सून म्हणून आलीस तेव्हा मी तुझी मोठी नणंद होते, म्हणजे जायचा नंबर आधी कुणाचा? माझा. बिलाच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर पिशवी आपटून भांडणारी तू. आणि स्वतः मात्र, ना सांगणं ना विचारणं, गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात असताना खुशाल रांग मोडून पुढे निघून गेलीस. तेही म्हशीची टाकी काठोकाठ भरून ठेवून! तीनशे लिटर! त्याचं आता मी काय करायचं, लोणचं घालू?

भेटायला आलेल्यांना हे सांगायची सोय नव्हती. जे. पी. नगरच्या आपल्या हॉलमध्ये तेरा दिवस माणसं येत होती. सुलभाताई किती हुशार, किती सोशिक, असं म्हणून पदर डोळ्यांना लावत होती. सोशिक! मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, तुम्ही हिला वॉटर पंपवाल्याशी बोलताना ऐकलेलं नाही. एकीने हळूच विचारलं, "शेतावर तुमची दुधाची टाकी आहे ना, ती आता कोण बघणार?" मी म्हटलं, "बघू." आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना अजून वाटतं, नणंद-भावजय मिळून तिथे दुधाचा धंदा करतात. दोष त्यांचा नाही. एका बंद पडलेल्या डेअरीतून तू दोन टाक्या उचलून आणल्यास, एकीवर हिरव्या रंगात 'गाय' आणि दुसरीवर 'म्हैस' लिहिलेलं. खरवडायचं म्हणता म्हणता सहा वर्षं राहूनच गेलं. गाईच्या टाकीत बिअर, म्हशीच्या टाकीतही बिअर.

दहाव्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तिथे मी तुझ्याशी नीट वागले नाही.

पिंड ठेवले आणि आम्ही लांब उभे राहिलो. कावळे होते चांगले पाच-सहा, समोरच्या कंपाउंडवर बसून मजा बघत होते. एकही खाली येईना. श्रीकांत हात जोडून म्हणाला, "सुलू, मुलांची काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. मग म्हणाला, "तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालीन." ढिम्म. "बीपीची गोळी वेळेवर घेईन." बिचारा माझा भाऊ! अडतीस वर्षांत तू त्याला जे जे सांगितलंस, ते सगळं त्याने तिथे उन्हात उभं राहून कबूल केलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मग श्रीकांत माझ्याकडे वळला. "अक्का, तू काहीतरी बोल. तिचं काय राहिलंय ते तुलाच ठाऊक असणार."

मला ठाऊक होतं, सुलू. अगदी पक्कं ठाऊक होतं. पण चार लोकांत, गुरुजींच्या देखत, ते तोंडातून निघेना. मी नुसतीच नाकाला पदर लावून उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. येताना मी गाडीत म्हटलं, शेजारी बांधकाम चाललंय, त्या आवाजाने कावळे बुजले असतील.

तुला काय हवं होतं ते आपल्या दोघींनाच माहीत. एक पळी.

आठवतं, हे सगळं कसं सुरू झालं? तू प्रयोगशाळेतून रिटायर झालीस, तीस-बत्तीस वर्षं यीस्ट आणि बुरशा सांभाळून. मला वाटलं, आता दोघी मिळून दुपारी पत्ते खेळू. हेब्बाळच्या पुढे तासाभरावर श्रीकांतने घेतलेलं अडीच एकर होतं. त्यात तिथेच राहणारी मुनियम्मा नाचणी लावायची, आपण दसऱ्याला जाऊन आपट्याची पानं घेऊन यायचो, एवढाच आपला शेतीशी संबंध. आणि एक दिवस वरणभाताच्या ताटावर तू म्हणालीस, "अक्का, मी शेतावर बिअर काढणार आहे. आपल्या नाचणीची."

मी उचललेला घास ताटात परत ठेवला. श्रीकांत म्हणाला, "सुलू, वरण वाढ." त्याला वाटलं त्याने काहीतरी चुकीचं ऐकलं.

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या खोलीत आलीस आणि माझ्या पलंगावर मांडी घालून बसलीस. "अक्का, यीस्ट मला कळतं. दाणा कळत नाही. नाचणीला मोड आणणारं तुमच्यासारखं माणूस अख्ख्या बेंगळुरात नाही." लबाड कुठली! कुठे बोट ठेवायचं ते तुला बरोबर कळत होतं. ड्रॉइंग ऑफिसात मी चौतीस वर्षं नोकरी केली, पण मंडळात मला ओळखतात ते नाचणीच्या सत्वामुळे. निम्म्या पोरांना सहाव्या महिन्यात माझ्याच हातचं सत्व लागलेलं. तुझ्या दोघांनाही.

मी विरघळले, पण अट घातली. "दाणा माझा, दारू तुझी. मी भिजवीन, मोड आणीन, वाळवीन. पण थेंबसुद्धा तोंडात घालणार नाही आणि तू मला कधी घाल म्हणायचं नाही."

"सरी, कबूल," म्हणालीस. आणि पहिल्या टाकीपासूनच ती अट मोडलीस.

परवान्याच्या तपासणीला साहेब आले होते तो दिवस मला अजून हसवतो. तू साडी खोचून, पायात गमबूट घालून टाकी घासत होतीस. मी दारात बसून सुपात नाचणीतले खडे निवडत होते. साहेबांनी आत डोकावून बघितलं, बाहेर बघितलं, पुन्हा आत बघितलं. "ओनर यारु?" मालक कोण?

"नानु," तू टाकीतूनच ओरडलीस.

"अल्ला अम्मा, तसं नव्हे, साहेब कुठे आहेत?"

"साहेब घरी भाजी चिरतायत."

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि या?" तू टाकीतून डोकं बाहेर काढलंस आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "या प्रॉडक्शन इन्चार्ज." त्यांनी मला चक्क नमस्कार केला. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इन्चार्ज म्हटलं नव्हतं गं.

आता त्या पहिल्या घाण्याचं बोलते. हे बोलायला मला सहा वर्षं लागली आणि तू नसताना बोलतेय, म्हणजे माझी अक्कल किती ते बघ.

तुझा हट्ट होता की पहिली बिअर निव्वळ आपल्याच नाचणीची, बाहेरचा दाणा नको. चाळीस किलो मी भिजवली, ओल्या गोणपाटात मोड आणले, सावलीत वाळवली, कोंब चोळून झाडून टाकले. तू दहादा बजावून ठेवलंस. "अक्का, आता हिला कोमट ऊन फक्त. चटका बसू द्यायचा नाही. मोड येताना दाण्यात जे जागं होतं ना, तेच पुढे पिठाची साखर करतं. तापवलंत की ते मेलं. मग साखर नाही, आणि साखर नाही तर माझं यीस्ट खाणार काय, कप्पाळ?" मी म्हटलं, कळलं गं, मला काय शिकवतेस.

आणि त्या दिवशी सकाळी तू पंपाचा वायसर आणायला शहरात गेलीस. मी त्या वाळलेल्या नाचणीचा वास घेतला. कच्चट. अगदी कच्चट! सुलू, देवाशपथ सांगते, माझ्या मनात काय आलं असेल? न भाजता पुढे पाठवली तर बाळाचं पोट बिघडेल. बाळ कुठलं आलंय तिथे! पण चाळीस वर्षांची हाताची सवय. मी मुनियम्माची मोठी लोखंडी कढई मागून घेतली, तिची चूल पेटवली आणि एकेक घाणा खमंग भाजून काढला. चाळीसच्या चाळीस किलो. हात भरून आले, पण समाधान वाटलं. मुनियम्माला म्हटलं, सुलक्काला सांगायचं नाही हं, तुला शपथ आहे.

तू आलीस, शेडच्या दारात थबकलीस, नाक वर केलंस. आणि नाचणी दळायला पाठवलीस. दळून आणलेली नाचणी गरम पाण्यात पडली. एक तास गेला, दोन गेले. तू बशीत एक थेंब घेऊन त्यावर औषधाच्या पेटीतलं आयोडीन टाकायचीस आणि तो थेंब काळा-निळा. साखर झाली असती तर तो काळा पडला नसता, हे तूच मला शिकवलेलं. तिसऱ्या तासाला झारा उभा राहील इतकं घट्ट झालं सगळं. बिअर कसली, आंबील झाली! टाकीभर आंबील!

मी मनात म्हणत होते, आता विचारेल, मग विचारेल. तू थर्मामीटर उचललास, उजेडात धरलास आणि म्हणालीस, "हा मेला खोटं दाखवतोय. याच्यामुळेच झालं." आणि खिडकीतून बाहेर भिरकावलास. संध्याकाळी श्रीकांतलाही तेच सांगितलंस, "थर्मामीटर बिघडला होता."

तेव्हा एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? तू त्या आंबिलीत ताक आणि मीठ घातलंस, वरून कढीपत्त्याची फोडणी दिलीस आणि आजूबाजूच्या शेतांतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलंस. उरलेली गाईंनी दोन दिवस खाल्ली. सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं.

पुढच्या वेळेपासून तू थोडा बार्लीचा दाणा घेतलास. आणि मला म्हणालीस, "अक्का, दर खेपेला पाच किलो नाचणी वेगळी काढायची आणि खमंग भाजून द्यायची." मी चमकले. "भाजून? तू तर म्हणायचीस..." तू वर न बघता म्हणालीस, "सगळी नाही हो. पाचच किलो. रंगासाठी. पुस्तकात दिलंय." पुस्तकात दिलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी सहा वर्षं इमानेइतबारे पाच किलो भाजत आले.

आणि मग जमलंच की गं! दर रविवारी आंब्याखाली चार टेबलं, वांग्याची भाजी, नाचणीची भाकरी आणि तुझी ती तांबूस बिअर. ती बेळ्ळंदूरची आयटीतली पोरं-पोरी दोन-दोन तास ट्रॅफिक तुडवत यायची. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं. एकाने पहिला घोट घेऊन पेला खाली ठेवला होता, आठवतंय? आम्हाला वाटलं याला ठसका लागला. म्हणाला, "काकू, सॉरी, पण याला माझ्या लहानपणीच्या किचनचा स्मेल येतोय." तू माझ्याकडे बघून मिष्किल हसलीस. मला तेव्हा कळलं नाही का हसलीस.

आणि दर टाकीला तेच नाटक. टाकी तयार झाली का बघायला तू तोटीखाली ती लांब दांड्याची स्टीलची पळी धरायचीस, आधी स्वतः घ्यायचीस, मग दुसरी पळी भरून माझ्यासमोर. "अक्का, एक पळी. तीर्थासारखी."

"शिव शिव! जीभ झडेल तुझी."

"दाणा तुमचा आहे. त्याचं पुढे काय झालं ते बघावंसं नाही वाटत?"

"वासावरून कळतं मला."

"वासावरून जावई पसंत करता येतो का हो?"

हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाड्या तुंबलेल्या असायच्या, स्टिअरिंगवर तू, शेजारी मी, आणि हेच भांडण तिथून घरापर्यंत. मी एकादशी करणारी बाई आहे. तू म्हणायचीस, एकादशी सोडून इतर दिवशी घ्या. खरं सांगू? शेवटच्या दोन वर्षांत धर्माचं काही राहिलं नव्हतं. नुसता हट्ट होता. आता हो म्हटलं तर तू मंडळभर सांगत सुटशील, याची भीती होती. आज वाटतं, सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

तेरावं झालं आणि श्रीकांत म्हणाला, "अक्का, पुरे आता. ती टाकी सोडून देऊ, शेडला कुलूप लावू. तू बहात्तर वर्षांची आहेस. आणि मला तिथे पाऊल टाकवणार नाही." रडत होता गं तो. मी त्याला काय म्हणणार? यीस्टचं मला कळत नाही, टाकी तयार झाली की नाही हे सांगायला जीभ लागते, आणि ती जीभ तू घेऊन गेलीस. मी फक्त म्हटलं, "मी एकदा जाऊन येते. मग लाव कुलूप."

आज सकाळी टॅक्सी करून गेले. ड्रायव्हरला फ्लायओव्हरवर उगीचच रागावले.

मुनियम्माने शेड झाडून ठेवली होती. सुतकात मला येता येत नव्हतं, पण ही बाई रोज फोन करून टाकीची खबर द्यायची, आजारी माणसाची द्यावी तशी. आज बुडबुडे जास्त. आज स्वल्प कमी. परवा म्हणाली, "अक्का, बुडबुडे निंतोय्तु." थांबले. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तुझ्या जाण्यावर रडले नव्हते तशी.

टाकीच्या अंगावर हात ठेवला. गार. 'म्हैस' या अक्षरांवर तुझ्या हाताचा मळकट डाग आहे, टेकून उभी राहायचीस तिथे. मला राहवलं नाही. मुनियम्माला म्हटलं, "सुलक्का गेली आणि मी तिला त्या दिवशीच्या भाजण्याचं सांगितलंच नाही."

मुनियम्मा केरसुणी खाली ठेवून म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, अक्का."

"कधी?"

"त्याच दिवशी. त्या गाडीतून उतरल्या तेव्हाच."

"अगं, मी शपथ घातली होती तुला!"

"घातली होती. म्हणून फक्त त्यांनाच सांगितलं. दुसऱ्या कुणालाही नाही."

"मग काय म्हणाली ती?"

"शेडच्या मागे गेल्या आणि हसत बसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला म्हणाल्या, सुम्निरु, गप्प राहा, अक्काला कळता कामा नये की मला कळलंय. आणि म्हणाल्या, हा वास मात्र मला हवाय, हा आता सोडायचा नाही." मग ती घरात गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. थर्मामीटर. तो खिडकीतून फेकलेला. "दुसऱ्या दिवशी उचलून मला दिला त्यांनी. चांगलाय, दही लावताना दूध बघायला ठेव म्हणाल्या. अजून बरोबर दाखवतो."

म्हणजे पुस्तकबिस्तक काही नव्हतंच. ती पाच किलो कुठल्या पुस्तकातली नव्हती. माझ्या चुकीतली होती. सहा वर्षं ती पोरं ज्या वासासाठी दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून येत होती, तो त्या दिवशी तू दारात थबकून नाकात साठवलेला वास. आणि मला मान खाली घालावी लागू नये म्हणून एका धडधाकट थर्मामीटरला बदनाम केलंस. किती गं गुणाची होतीस, आणि किती लबाड!

"मुनियम्मा," मी म्हटलं, "पळी आण."

तिने तोटी सोडली, पळी भरली आणि माझ्यासमोर धरली. आणि मी काय करावं? सवयीने उजवा हात पुढे केला, तळव्याची वाटी करून. तिनेही सवयीने हातावर ओतलं. मी डोळे मिटले आणि घेतलं. आणि घेऊन झाल्यावर ओला हात डोक्यावरून फिरवला! मुनियम्मा पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मीही. तू असतीस तर टाकीला टेकून लोळली असतीस.

तर ऐक आता. कडू आहे. इतकी कडू असते हे सांगायचंस तरी! पण कडू ओसरल्यावर मागून आली गं भाजलेली नाचणी. अगदी माझ्या कढईतली. आणि त्या दोघांच्या मध्ये काहीतरी टोचलं. हिरवट. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखं. तू दर वेळी पळी घेऊन काय म्हणायचीस? "हिरव्या सफरचंदाचा वास आहे अजून, यीस्टला निवांत आवरू द्या." मी सहा वर्षं ते ऐकत होते, नुसतं ऐकत होते. आज ते माझ्या जिभेवर होतं.

श्रीकांतला तिथूनच फोन लावला. म्हटलं, "कुलूप राहू दे. रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी पोरांना बोलाव. आणि तूही ये, भाजी चिरायला माणूस नाही."

तो म्हणाला, "अक्का, टाकी तयार आहे की नाही ते तुला कसं कळणार?"

"चाखली मी," म्हटलं.

तो तिकडे रडतोय की हसतोय, मला नीट कळलं नाही. गाईची टाकी मोकळी आहे, सुलू. घरी आल्यावर संध्याकाळीच चाळीस किलो नाचणी निवडून भिजत घातली, पाच किलोची खूण वेगळी करून ठेवली. तुझ्या टाकीला अजून चार दिवस लागतील. मी सांगतेय ना, चार दिवस.